अठरावं झाड

“भाचीना हात शे. तठे खोट ऱ्हास नहीं.”

ओट्यावर भाऊमामा कुणाला तरी सांगत होते. मी आत पाणी पीत होते. ‘भाचीचा हात आहे, तिथे खोट राहत नाही’... म्हणजे माझा हात. अजून मी काहीच केलं नव्हतं आणि मला घाम फुटला होता.

आधीच सांगते, माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. मी धुळ्यात देवपूरला वाढले, इंग्रजी शाळेत शिकले, तेव्हा बीएस्सीला बॉटनी घेतलं होतं. झाड म्हणजे झाड. हे लिहायलाही मला सात वर्षं लागली. गावाचं नाव देत नाही, माणसं लगेच ओळखतील. थाळनेरपासून चारेक मैलांवर, तापीच्या काठी माझं आजोळ. साल अठ्ठ्याऐंशी, मे संपत आलेला.

थोरले मामा, म्हणजे आबा, आणि भाऊमामा यांची वाटणी चालू होती. जमीन झाली, बैल झाले, आमराई अडली. झाडं सतरा. आठ-आठ वाटली तरी शेंद्र्या नावाचं एक झाड उरायचं, आणि ते दोघांनाही हवं होतं. दोन महिने दोघांचं बोलणं बंद होतं. झाड तोडून लाकूड वाटून घ्या, इथवर गोष्ट गेली होती.

आमच्याकडे अशा वेळी चिठ्ठ्या भाचीने लिहायच्या आणि भाचीनेच उचलायच्या, कारण ती कुठल्याच बाजूची नसते. आईने एस.टी.त बसवताना एवढंच बजावलं होतं... कुणाच्या बाजूने बोलू नकोस, नाहीतर माझं माहेर तुटेल.

अजून एक रीत होती. जे झाड चाखलं नाही ते लिहायचं नाही. मामांच्या घरात सांगतात की थाळनेरला राज्य करणाऱ्या एका सुलतानाला बागांचा फार नाद होता. दर उन्हाळ्यात त्याचा माणूस येऊन प्रत्येक झाडाचा आंबा चाखायचा, चवीवरून नाव ठेवायचा, मगच ते झाड दप्तरात चढायचं. राखण आमच्या पूर्वजांकडे होती म्हणे. आताची झाडं त्या झाडांच्या कोयींच्या कोयींची. खरं-खोटं मला माहीत नाही, आमच्या हिस्ट्रीच्या पुस्तकात हे नव्हतं. पण गावरान आंब्याला चवीवरून नाव, हे खरं. शेप्याला शेपूचा वास यायचा, खोबऱ्या खोबऱ्यासारखा लागायचा.

सकाळी भाऊमामांनी आमराईच्या कडेला उभं राहून नावं सांगितली, कुठलं झाड कुठे ते बोटाने दाखवलं आणि ते बांधावरच थांबले. दोघांपैकी कुणीही सोबत जायचं नाही, असं ठरलं होतं. मी एकटीच आत गेले... वही, आईची शिवणाची टेप आणि पिशवी घेऊन. झाडाखाली पडलेला पाडाचा आंबा उचलायचा, चोखायचा, चव लिहायची, बुंध्याचा घेर मोजायचा, कोय वहीच्या कागदात गुंडाळून वर नंबर टाकायचा. अकरा वाजले असतील. लख्ख ऊन होतं.

नदीकडच्या टोकाला एक झाड होतं, त्याचं नाव मला सांगितलेलं नव्हतं. वाटलं, मामा विसरले. बुंधा जाड, एका बाजूला कलता. आंबा हाताएवढा, साल हिरवीच, पण बोटांना लवदार लागली. टेप दोनदा लावावी लागली. चाखला. चवीच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, मराठी शब्दच सापडेना, म्हणून तो रिकामा ठेवला. नाव मात्र मीच ठेवलं, सालीवरून... मखमल्या. कोय गुंडाळली, वर अठरा लिहिलं.

दुपारी ओट्यावर यादी वाचली. सतरापर्यंत सगळे माना डोलावत होते. अठरावं नाव वाचलं आणि आबांच्या हातातली सुपारी खाली पडली.

मखमल्या नावाचं झाड तिथे खरंच होतं, पण ते माझ्या जन्माआधी तीन वर्षं वादळात पडलं होतं. खोडसुद्धा उपटून काढलं होतं.

आम्ही सगळे तिथे गेलो. आमराई जिथे संपते तिथून पुढे नुसती नांगरलेली काळी ढेकळं होती, पार नदीच्या दरडीपर्यंत. सावलीसुद्धा नव्हती. मी मघाशी सावलीत उभी होते, एवढं मला पक्कं आठवत होतं. खाली बसून मी पिशवी उलटी केली. कोयी अठराच.

भाऊमामांच्या बायकोने, मामीने, मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हटलं, “ताईनी शिकाडी धाडेल शे.” म्हणजे आईनेच पढवून पाठवलंय. झाडं अठरा दाखवून नसलेलं झाड आमच्या माथी मारायचं आणि शेंद्र्या थोरल्या भावाला द्यायचा, असंही त्या पुढे बोलल्या. आबांनी मान खाली घातली. मला आईचा एस.टी.च्या खिडकीतून दिसलेला चेहरा आठवला. आईने मखमल्याचं नाव कधी काढलं नव्हतं. पण हे मी शपथ घेऊन सांगितलं असतं तरी कोण ऐकणार होतं?

नंतर मी खूप विचार केला. उन्हात एकच झाड दोनदा मोजलं असेल... पण तो घेर बाकी कुठल्याच झाडाशी जुळत नव्हता. लहानपणी नाव कानावर पडलं असेल... पण मग कोय? कॉलेजात मॅडमना दाखवली, त्या म्हणाल्या आंब्याची कोय आहे, ताजी आहे, याहून जास्त काय सांगू.

वाटणी मात्र त्याच संध्याकाळी झाली, नऊ-नऊ, चिठ्ठ्या न उचलताच. शेंद्र्या आबांनी आपणहून भाऊमामांना सोडला आणि स्वतः मखमल्या घेतला, म्हणजे ढेकळांची ती मोकळी जागा. त्या दिवाळीला आईला बोलावणं दोन्ही घरांतून आलं.

हे सगळं झालं ते तिथे, त्या ढेकळांत, भाऊमामांनी मला विचारलेल्या एका प्रश्नामुळे. ते रागावलेले नव्हते, नुसते माझ्याकडे बघत होते.

“नाव कोनीबी सांगी दी, माय,” ते म्हणाले. “चव सांग.”

आबांनी मान वर केली. तो आंबा दोघांनीही लहानपणी खाल्लेला. दोघं भाऊ दोन महिन्यांत पहिल्यांदाच शेजारी शेजारी उभे होते. मी वही उघडली, रिकामा रकाना बघितला, मिटली. शब्द मला तेव्हाही सापडला नव्हता, म्हणून जसं झालं होतं तसंच सांगितलं.

“तोंडात असताना गोड नाही लागत, मामा. गिळल्यावर लागतो.”