आईला न लागणारी गाडी

आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी दोन हजार सालाच्या सुमारास त्यांनी जुनी, उंच, सात माणसांची गाडी घ्यायचं मनावर घेतलं. कारण एकच, आईला एस.टी. लागायची. आमचं घर कसबा बावड्यात, तिचं माहेर मलकापूरला. वाटेत वाघबिळाच्या घाटाची वळणं आली की आईचं डोकं खिडकीबाहेर, आणि घरी परतल्यावर दोन दिवस ती अंथरुणात. तिकडं आजी जागेवर पडून होती आणि आई वर्षातून एकदा जायची, तेही भीत भीत.

त्यामुळं आण्णांची गाडी पारखायची रीतच निराळी. ओळखीचा फिटर आधी बॉनेट उघडायचा, ऑइलचं झाकण काढून धूर बघायचा, खाली वाकून पत्रा ठोकायचा. त्याला पसंत पडली तरी आण्णा म्हणायचे, "ते खरं. पर ही काय म्हणती बघू." मग मालक गाडी चालवणार, मी आणि आई मधल्या सीटवर, आणि आण्णा पुढं बसून, मागं वळून आईचं तोंड न्याहाळणार. अशा तीन गाड्या नापास झाल्या. एकीला डिझेलचा वास, एक मागून हिंदकळायची, तिसरी तर आईनं वाघबिळाच्या अलीकडंच थांबवायला लावली. फिटर वैतागला. "आण्णा, गाडी घ्यायलायसा का डाक्टर शोधायलायसा?"

चौथी गडमुडशिंगीत मिळाली. पांढरी, दारापाशी जरा गंजलेली. वाघबीळ चढून, उतरून परत आलो. आई ताठ बसलेली, एक हात पदराखाली.

"काय गं?" आण्णांनी विचारलं.

"कुटं काय! पाळण्यात बसल्यागत वाटतंया."

आण्णा इतके खुलले की घासाघीस करायचंच विसरले. फिटरनं कपाळावर हात मारून घेतला.

मग आण्णा गाडी शिकले आणि आमचं दर पंधरा दिवसांनी मलकापूर सुरू झालं. आई आजीची वेणी घालायची, नखं कापायची, तिच्याशी भांडायचीसुद्धा. आजी गेली तेव्हा आई उशाशी होती. त्या फेऱ्या आठवल्या की मला अजून हुरहूर लागते. खिडकीतून येणारा गुऱ्हाळाचा वास, मागं पायाशी उसाच्या कांड्या, आण्णांची बेसूर शीळ. भेटेल त्याला ते सांगायचे, "बायकूला न लागणारी गाडी हाय आपली!" वाटेत आई गप्प असायची. माहेरच्या विचारात असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

सात-आठ वर्षांनी गाडी विकायला काढली. एक नवरा-बायको बघायला आले. नवऱ्यानं बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि बायको मधल्या सीटवर बसून बघू लागली. तिनं दाराशी उभ्या असलेल्या आईला हळूच विचारलं, "काकू, मला गाडी लागती वो. ही लागत न्हाय न्हवं?"

आई म्हणाली, "लागती की! दणकून लागती. आदल्या राती जेवायचं न्हाय, मुठीत लिंबू धरायचं आन् तोंड उघडायचं न्हाय."

आण्णा पलीकडं काच पुसत होते. फडकं काचेवरच थांबलं.

"म्हंजे... एवढी वर्सं?"

"मग काय करू? ही बी नापास केली असती तर तुमी पाचवी बघत बसला असतासा. तवर माझी आई ऱ्हायली असती व्हय?"

पावण्यांनी गाडी घेतली नाही. दुपारी आण्णांनी स्वतःच्या हातानं आईचं ताट वाढलं, आणि ती जेवून उठेपर्यंत समोरून हलले नाहीत.