ग्रीसचा अंगठा

रुपरावांना जिवंतपणी घरात कुणी वीर म्हटलं नाही. दुसऱ्या महायुद्धात ते इजिप्तच्या वाळवंटात फौजेची लॉरी चालवत होते. परतले ते कामठी-नागपूर बस चालवायला लागले आणि चौसष्ट साली तापानं गेले. त्यांच्याकडून लढाईची गोष्ट ऐकायला घरात कुणाला फुरसत नव्हती. मग एकाहत्तरचं युद्ध झालं, नागपूरच्या सक्करदऱ्यात घरोघरी माणसं रेडिओला चिकटली, आणि पुतण्या मुकुंदला एकाएकी आठवलं की आपल्याही घराण्यात एक शूर माणूस होऊन गेला. पुराव्यादाखल, युद्धावरून त्यांनी धाडलेली पंधरा-सोळा कार्डं त्यांच्या बायकोच्या पेटीत होती.

बायको म्हणजे रुख्मिणी. मूलबाळ नाही, अक्षरओळख नाही, पण कार्डं तिनं जिवापाड जपली होती. मुकुंद बँकेत कारकून. त्यानं ती वाचली आणि आधी जरा हिरमुसलाच. सगळी कार्डं रुपरावांच्या वडिलांच्या, म्हणजे चंपतरावांच्या नावे. 'मी खुशाल आहे. इकडे वाळू फार. तुमचा खोकला कसा आहे? तुरीला भाव काय?' आणि शेवटी ठरलेलं 'वडीलधाऱ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.' पण मुकुंद हार मानणारा नव्हता. वाळू म्हणजे रणांगण, असं त्यानं ठरवून टाकलं. एका कार्डात सेन्सॉरनं दोन ओळी काळ्या केल्या होत्या, तिथं तर त्याला फौजेचं मोठं गुपित दिसलं. त्या ओळींत काय होतं ते रुख्मिणीला नवऱ्यानं सांगितलं होतं. फौजेच्या डाळीत किडे निघतात, एवढंच. पण एवढ्या खुशीत असलेल्या माणसाच्या डाळीत तिनं किडे घातले नाहीत.

त्या कार्डांत तिचं नाव कुठंच नव्हतं. असणार तरी कसं? कार्ड साऱ्या घरासमोर मोठ्यानं वाचलं जायचं, आणि बापाला लिहिताना बायकोची खुशाली विचारणारा मुलगा त्या काळी निर्लज्ज ठरला असता. वडीलधाऱ्यांत ती मोडत नव्हती, लहानांत धरावी तर लग्नाची बायको. नमस्कार आणि आशीर्वाद यांच्या मधल्या सांदीत ती चार वर्षं नवऱ्याची वाट पाहत बसली.

सासरे उत्तर लिहायचे आणि सकाळी टपालात टाकायचं म्हणून कार्ड रात्रभर देवापुढं ठेवायचे. दिवा लावताना रुख्मिणीनं एकदा कुंकवाचं बोट कार्डाच्या कोपऱ्याला टेकवलं. सासऱ्यांना वाटलं, सून मोठी शकुनाची आहे. रुपरावांचं पुढचं कार्ड आलं, तर पत्त्याच्या बाजूला, त्याच कोपऱ्यात, ग्रीसनं काळा झालेला अंगठा उमटलेला.

"पोट्टं हातही धूत नाही," सासरे म्हणाले.

त्यानंतरच्या एकूण एक कार्डावर तो अंगठा आला. रुपराव परतल्यावर तिनं एकदा धीर करून विचारलं, तर गडी कानापर्यंत लाल झाला. "लॉरीचं काम करून राहिलो होतो. लागलं असंल," एवढं पुटपुटून ते बाहेर निघून गेले. रुख्मिणीला तेवढं संसारभर पुरलं.

आता बहात्तरच्या प्रजासत्ताक दिनाला मोहल्ल्यातल्या मंडळानं शूरांच्या आठवणींचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. मुकुंदनं मैद्याची खळ शिजवली आणि सगळी कार्डं एका फळीवर पक्की चिकटवली. अक्षरांची बाजू वर, पत्त्याची खाली.

"मुकुंदा, माही बाजू दाबून टाकली गा तू," रुख्मिणी म्हणाली.

"मोठीमाय, तिकडं नुस्ता पत्ता आहे. अन् डाग. लोकायले डाग काहून दाखवाचे?"

"लोकायले नको दाखवू. मले दिसू दे."

"आता कसे निघतीन? प्रदर्शन झालं का फळीले काच लावतो अन् भिंतीवर टांगतो. कायमची!"

मुकुंदची छाती फुगली होती. 'कायमची' ऐकून रुख्मिणीनं मात्र एका कार्डाच्या कडेला नख लावून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तो बँकेत गेल्यावर तिनं फळी उचलली आणि अंगणातल्या पाण्याच्या टाक्यात सोडली. मैद्याची खळ पाण्यात सुटते, हे तिला ठाऊक होतं. पण कार्डं जिभेवर ओली करून लिहायच्या जांभळ्या पेन्सिलीनं लिहिलेली होती; तिचं पाण्यात काय होतं, याचा विचार तिनं केला नव्हता. बघता बघता पाणी वांग्याच्या रंगाचं झालं. खुशाली, वाळू, खोकला, तूर, सगळं त्यात उतरलं. तिनं घाईनं एक कार्ड उलटं केलं. चंपतरावांचं नाव गेलं होतं, पत्ता गेला होता. ग्रीसला पाणी शिवलंही नव्हतं. मग तिनं सगळी कार्डं अंगठा वर करून खाटेवर वाळत घातली.

संध्याकाळी मुकुंद डोक्याला हात लावून खाली बसला. "अवं मोठीमाय, इतिहास धुऊन टाकला ना तू!"

"तुहा धुतला गा," ती म्हणाली. "माहा आहे."

प्रदर्शन काही रद्द झालं नाही. मुकुंदनं आठवेल तशी नवी कार्डं लिहिली आणि जुनी दिसावीत म्हणून चहाच्या पाण्यात बुडवून काढली. पडताळायला मूळ मजकूर उरलाच नव्हता, त्यामुळे त्याचा हात चांगलाच सैल सुटला. रुपरावांनी आता रणगाडे अडवले, जखमी साथीदाराला खांद्यावरून आणलं. लोकांना ही कार्डं फार आवडली. शेवटच्या कार्डात मुकुंदनं, कदाचित मोठीमायची भरपाई म्हणून, एक ओळ घातली होती. ती त्यानं माईकवरून गहिवरून वाचली: 'प्रिय रुख्मिणी, तुझ्या आठवणीनं जीव कासावीस होतो.'

बायांनी डोळ्यांना पदर लावले. सगळ्यांनी वळून पाहिलं, तर पहिल्या रांगेत रुख्मिणी तोंडात पदराचा बोळा कोंबून हसत होती.

"काय झालं वं?" शेजारीण घाबरली.

"थे असं लिहितीन?" हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बाप वाचंल ना!"

आणि मांडीवरच्या पिशवीत हात घालून तिनं आतल्या धुतलेल्या कार्डाच्या कोपऱ्यावर, ग्रीसच्या डागावर, आपला अंगठा टेकवला.