लाल बटण

परवा रेवा आणि मनाली या मैत्रिणींसोबत एस्केप रूमला गेले. एका खोलीत कोंडून घ्यायचं आणि कोडी सोडवत तासाभरात बाहेर पडायचं, असा खेळ. अडलं तर भिंतीवरचं लाल बटण दाबायचं, मग बाहेर कॅमेऱ्यातून बघत बसलेली मुलगी स्पीकरवरून पुढचं सुचवते.

अर्धा तास आम्ही एकाच कपाटाशी झटत होतो.

"दाब की बटण," रेवा म्हणाली.

"नको. आपलं आपण काढू."

"हिला मेडल हवंय," मनाली हसली.

मेडल नव्हे, सवय. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. प्रवेशाच्या दिवशी चुकीच्या रांगेत दुपारपर्यंत उभी राहिले, पण कुणाला विचारलं नाही. विचारलं तर कळेल, हिला काही माहीत नाही. खिडकीतल्या बाईंनी दोनदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी नजर वळवली. पदवी अशीच मिळवली, आणि तिचा अभिमान आहेच.

दहा मिनिटं उरली, तेव्हा बटण मीच दाबलं.

"ताई, ते कपाट नुसतं शोभेचं आहे," स्पीकरमधून आवाज आला. "मी केव्हाची वाट बघतेय, तुम्ही कधी विचारताय म्हणून."

दोघी खिदळत दुसऱ्या भिंतीकडे धावल्या. मला त्या खिडकीतल्या बाई आठवल्या.