चुलीपुढं बसलेला फायरमन

माझा पायगुण वाईट, असं सासूबाईंचं ठाम मत होतं. मी वडिवळ्याहून लग्न होऊन कुसगावात आले आणि तीन महिन्यांत त्यांच्या धडधाकट मुलाला भलतंच काहीतरी व्हायला लागलं. हे लोणावळ्याला रेल्वेत फायरमन होते. घाट चढणाऱ्या गाडीला मागून इंजिन लावत, त्यात कोळसा टाकायचे. असला माणूस संध्याकाळी चुलीपुढं जेवायला बसायचा आणि एकाएकी पांढराफटक पडायचा. छाती धाडधाड उडायची, हातांना मुंग्या यायच्या, दरदरून घाम फुटायचा. "मी मरतो आता," म्हणायचे. पाव तासानं सगळं शांत.

डॉक्टरांना छातीत काही सापडलं नाही. अंगारे झाले, लिंबं उतरवून झाली. मग उरलं कोण? मी!

"उद्या सकाळी बैलगाडी सांगितलीया," एका दुपारी सासूबाई म्हणाल्या. "बापाच्या घरी जा. माज्या लेकाचा जीव तरी ऱ्हाईल."

अशी धाडलेली सून परत आणत नाहीत, हे मला ठाऊक होतं. भीती वाटली, पण त्याहून जास्त राग आला. मी जन्माची भांडकुदळ. रडत बसण्याऐवजी डोकं चालवलं. यांना शेतात कधी होत नाही, दारापुढच्या ओट्यावर होत नाही. वाळक्या गोवऱ्या असल्या तर घरातही होत नाही. लाकडं ओली असली आणि घर धुरानं भरलं, की हमखास होतं.

संध्याकाळी यांना ओट्यावर गाठून मी सरळ विचारलं, "धुराचं काय हाय?"

त्यांनी नजर खाली वळवली. मग म्हणाले, "लगीन झाल्यावर एकदा बोगद्यात चाकं घसरून गाडी थांबली व्हती. धूर कोंडला. तोंडाला वलं गोणपाट लावून पडलो. वाटलं, संपलं. सायबाला कळलं तर इंजिनावरनं काडतील, म्हून कुनाला बोललो न्हाई."

"मग आता बोगद्यात कसं जाता?"

"कोळशाची फावडी मोजीत."

मला सगळं उमगलं. हात कामात असले की भीती लांब राहायची. घरी ताट येईपर्यंत हात रिकामे, आणि समोर धूर.

सकाळी मी मुद्दाम ओली लाकडं चुलीत घातली आणि यांच्या हातात फुंकणी दिली. धूर दाटला तसा यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"इतक्या वेळा झालं, मेलात का?" मी म्हणाले. "फुंका. सावकाश, लांब. मी मोजते."

विसाव्या फुंकरीला श्वास जागेवर आला. लाकडांनीही पेट घेतला.

वळून बघते तर दारात सासूबाई. आमच्या घरात पुरुष कधी चुलीपुढं बसला नव्हता. हे मात्र उठले नाहीत.

"आई, हिच्या पायानं न्हाई झालं हे," ते म्हणाले, आणि बोगद्याची सगळी हकिगत त्यांनी आईला सांगितली. सांगताना ते मध्ये कुठं थांबले नाहीत.

बाहेर गाडीवाल्यानं हाक मारली. माझं गाठोडं दाराशीच बांधून ठेवलेलं होतं. सासूबाईंनी ते उचलून आत सरकवलं, पदरानं डोळे पुसले आणि ओट्यावर गेल्या.

"बैलं सोड बाबा, च्या घेऊन जा," त्या म्हणाल्या. "आज चूल माज्या लेकानं पेटवलीया."