चेडवासाठी मागितलेली रजा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण आमच्या पतसंस्थेत माझी अब्रू कशी गेली ते सांगताना मला मध्ये कोणी हसलेलं चालत नाही!

त्या दिवशी सकाळी आमच्या चेडवाला, म्हणजे माझ्या लेकीला, सणसणून ताप भरला. बायको तिच्या आईच्या ऑपरेशनसाठी कोल्हापुरात. घरात मी आणि पोर.

आणि ऑफिसं कशी असतात, ठाऊक आहे ना? साहेबाला शिंक आली की आठवडाभर रजा. कारकुनाचं पोर तापाने फणफणलं, तर "आई नाही का घरात?" जसं काही बापाला पोर सांभाळायला परवाना लागतो!

आमच्या मॅडम नव्या, सांगलीकडच्या. त्यांना फोन लावला. आता आमच्या आचरा गावातली रेंज म्हणजे भरती-ओहोटी. त्यात घाबरलो की मी मालवणीवर येतो.

"मॅडम, आज येऊक जमाचा नाय. चेडवासाठी रजा होयी!"

"कशासाठी?"

"चेडू! चेडू!"

मॅडम कडाडल्या, "त्यासाठी रजा? लाज नाही वाटत? मुकाट्याने कामावर या!" फोन कट.

मी आधी थिजलो, मग पेटलो. लेकीसाठी रजा मागायची लाज? मुलगा असता तर दिली असती काय? स्वतः बाई असून! वर ऑफिसात 'मुलगी वाचवा'चं पोस्टर ह्यांनीच लावलेलं! पोस्टरवरची वाचवायची, घरातली मरू दे, असंच ना?

लगेच शेजारच्या टेबलावरच्या नंदूला फोन. "नंद्या, बाई चेडवासाठी रजा देणा नाय!"

"काय सांगतस! तू ये रे, आमी सगळे तुझ्यावांगडा आसव!"

झालं! पोरीला चादरीत गुंडाळलं, रिक्षा केली आणि थेट ऑफिस गाठलं. काउंटरसमोर ही गर्दी. मी शुद्ध मराठीत सुरू झालो, "बंधुभगिनींनो! ह्या संस्थेत मुलीसाठी रजा मागणं म्हणजे लाजिरवाणी गोष्ट आहे!" पासबुक भरायला आलेले म्हातारेसुद्धा मान हलवायला लागले. नंदूने तर मूठ वर केली.

मॅडम केबिनमधून धावत आल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आधी पोरीच्या कपाळाला हात लावला.

"अहो, पोर भाजतंय! मुलगी आजारी आहे हे फोनवर सांगायचं नाही का?"

"सांगितलं ना! चेडवासाठी…"

"चेडू म्हणजे मुलगी? मला 'चेंडू' ऐकू आलं!"

पहिला कोण फिसकला? नंदू! गद्दार मेलो!

पण मी कसला माघार घेतोय! "चेंडूसाठी कधी कोण रजा मागतं का मॅडम? मी काय तसला माणूस वाटलो तुम्हाला?"

"गेल्या महिन्यात आजोबांचं तेरावं म्हणून गेलात," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आणि दुसऱ्या दिवशी पेपरात तुमचा फोटो. सामनावीर! असो. आजची रजा मात्र तुमच्या हक्काची आहे. भाषण पुरे, डॉक्टरकडे जा."

"तो दुसरा कोणी असेल. आमच्याकडे नावं सारखी असतात," मी पुटपुटलो.

तेवढ्यात खांद्यावरून तापलेला बारीक आवाज आला, "बाबा, आपल्या कपाटावरचो कप तेचोच ना?"