एकाच पेल्याची वाट

सोम्या कातकरी सिद्धगडाच्या पायथ्यापासून चालत शहापूरला माझ्या दारात आला, तेव्हा दुपार कलली होती. पायरीच्या खालीच उभा राहून म्हणाला, "मास्तर, बाबा गेला." कधी, म्हणून विचारलं तर म्हणाला, "परवा. पुरला पन. तुमच्यासाठी किती थांबनार?" मग त्यानं पाणी मागितलं. मी तांब्या आणला, त्यानं ओंजळ पुढे केली, मी वरून पाणी ओतलं. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा मला वाटलं नाही... हे आधीच लिहून टाकतो, कारण नंतर लिहायचं धाडस होणार नाही.

बाबा म्हणजे माझे सख्खे मामा, दानिएल उपदेशक. मुरबाडच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत त्यांनी सारा जन्म काढला. माझे वडील लवकर गेले. मला वाढवलं, शिकवलं ते मामांनी. आमच्या घराण्यात सही करणारे पहिले मामा आणि कॉलेजात गेलेला पहिला मी. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. आजोबा गावकुसाबाहेरचे. विहिरीवर कुणीतरी येईपर्यंत ताटकळायचे आणि मग ओंजळीत वरून पडेल ते पाणी प्यायचे. "ती ओंजळ सुटावी म्हणून तुझा आजा ख्रिस्ती झाला," मामा सांगायचे, "स्वर्गाचं त्याला मागाहून कळलं."

मामांना एक खोड होती. उपासना सुटली की दारात उभे राहून एकेकाला विचारायचे, "कशापायी आहेस रे तू?" एक म्हातारी दर वेळी "भात कांडायला!" म्हणून तोंडाला पदर लावून हसायची. मी कॉलेजला निघालो तेव्हा मलाही विचारलं. मी म्हणालो, "बी. ए. व्हायला." "आणि मग?" "मग काय?" "तेच तर विचारतोय." म्हसा गावाच्या जत्रेत बैलांच्या गर्दीत बसून ते शुभवर्तमानाची पुस्तकं वाटायचे. लोक पानं फाडून तंबाखू बांधतात, हे मी चिडून सांगितलं, तर म्हणाले, "पुडी सोडताना एखादी ओळ डोळ्यांखालून जाईल की."

दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्या साली मी पदवी घेऊन परतलो. मंडळी मरगळलेली होती. मिशनचे गोरे साहेब बंगला बंद करून गेलेले, बाकावर धूळ. मंडळीत नवा प्राण फुंकायचा, त्यासाठीच आपण शिकलो, असं मी ठरवून टाकलं. कमिटी नेमली, चिटणीस झालो, सभेचं वृत्त लिहू लागलो, नवी घंटा बसवली. मामा मात्र सिद्धगडाखाली कोळशाच्या भट्ट्यांवर कातकऱ्यांत जाऊन बसत. वर्षभरानं त्यांतल्या तीन घरांनी, सोम्याच्याही, बाप्तिस्मा घेतला आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी ती माणसं प्रभुभोजनाला आली.

प्रभुभोजनात आमच्यात मनुकांचा रस, ख्रिस्ताचं रक्त म्हणून, एकाच पितळी पेल्यातून सगळे पितात. पेला हातोहात फिरतो. त्या दिवशी मंडळीतले वडीलधारे फिलिपतात्या उठले. "त्यांचं उष्टं आम्ही प्यायचं? उंदीर खातात हो ते!" बायका पदर सावरून उठू लागल्या. मंडळी फुटेल, अशी मला भीती वाटली. मी शिकलेला, वाट मीच काढली. 'आरोग्याच्या दृष्टीने नूतन सभासदांसाठी स्वतंत्र पात्र असावे' असा ठराव लिहिला. सगळ्यांनी भाषेची तारीफ केली. मामांनी कागद वाचला, घडी घातली आणि एवढंच म्हणाले, "मराठी छान आहे तुझी."

बाजारातून जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, पेला आला. मामांनी पुढल्या महिन्यापासून दोन्ही पेले फिरवले, पण स्वतः एकाही पेल्याला ओठ लावला नाही. मी म्हटलं, "मामा, कातकऱ्यांच्या पेल्यातून तरी घ्या." "त्यातून घेतला तर दोन पेले मला मान्य झाले. एक होईल तेव्हा घेईन." असे सहा पावसाळे गेले. लोकांना पाजणारा माणूस स्वतः तहानलेला राहिला. कातकरी एकेक करून यायचे थांबले. फिलिपतात्या वारले, पोरं मुंबईला गेली. मलाही शहापूरला शाळा मिळाली, तरी चिटणीसपद मी सोडलं नाही. दिवाळीत मामा तापानं फणफणले होते. उशाशी बसलो तर म्हणाले, "पेल्याचं काय केलंस रे?" ठराव माझा, एका ओळीत मागे घेता आला असता. मी म्हणालो, "पुढच्या सभेत ठेवतो." "ठेव," म्हणाले आणि कूस बदलली. ती सभा मी बोलावली नाही.

ताप उतरल्यावर ते पुन्हा भट्टीवर गेले आणि सोम्याच्या खोपटातच आजारी पडले. "शेवटी पानी मागलान," त्या दुपारी माझ्या दारात सोम्या सांगत होता. "आमच्याकडं पान्याचा भोपला एकच. त्यातनं प्याला, कायतरी प्रार्थना बोलला, नि मग आमाला समद्यांना त्यातनंच पाजलान. पोरांना पन. मग निजला."

गेल्या रविवारी मी मुरबाडला सभा घेतली. चार माणसं आली. ठराव एकमतानं रद्द झाला. विरोधाला कुणी उरलं नव्हतं, प्यायला येणारा कातकरीही कुणी उरला नव्हता.

तिथून सोम्याच्या खोपटात गेलो. पाण्याचा तो वाळका, काळपट भोपळा कुडाला टांगलेला होता. आठवण म्हणून मी तो मागितला. "तो कसा देऊ, मास्तर? आमी पानी कशात पिऊ?" मग त्यानं तो खाली काढला, माझ्यापुढे धरला. मी ओंजळ केली... आजोबांची ओंजळ, न शिकवता आलेली.

"हात कशाला?" सोम्या म्हणाला. "बाबानं लावलान तसं तोंड लावा."