चुकीच्या जागी वन्समोर

मला नाटकाचं वेड लावलं डोंबिवलीच्या मावशीने. संगीत नाटकात पद संपायच्या आत ती 'वन्समोर' ओरडायची आणि तिच्या मागोमाग मीही. नायिकेची सगळी पदं मला पाठ. नायकाकडेही मी टक लावून बघायचो, पण गाण्यासाठी नाही.

गेल्या रविवारी ठाण्यात दुपारच्या प्रयोगाला जोडीदाराला घेऊन गेलेलो. सोसायटीत तो माझा रूममेट असतो. नाटक दोन पुरुषांच्या प्रेमाचं, भयंकर गंभीर, गाणं औषधालाही नाही. दुसऱ्या अंकात एकाने दुसऱ्याचा हात हातात घेतला आणि लगेच अंधार! आयुष्यभर नायक-नायिकांचं इतकं बघितलं, आणि आमच्या वाट्याला एवढंसंच? माझ्याही नकळत, खणखणीत आवाजात मी ओरडलो, "वन्समोर!"

अख्खं थिएटर मागे वळलं. जोडीदार खुर्चीत खाली खाली सरकत गेला. पुढच्या रांगेतल्या आजोबांनी शांतपणे समजावलं, "अहो, वन्समोर गाण्याला देतात. हात धरण्याला नाही."

कोपरीला घरी परतताना रिक्षात त्याचं हसू थांबेना. हसता हसता त्याने माझा हात धरला. सिग्नलला शेजारी एक स्कूटर येऊन थांबली, तसा सोडला. सिग्नल सुटला, स्कूटर निघूनही गेली. थिएटरात घसा फोडणाऱ्या माझ्या तोंडून तो शब्द काही निघाला नाही.